मोबाईलवरचा बस्ता

दिवाळीत नांदुऱ्याच्या दुकानातून घेतलेली साडी मला मोबाईलवर निम्म्या किमतीत दिसली, तेव्हा मी ऑफिसात खुर्चीतल्या खुर्चीत थिजले. तोच मोरपंखी रंग, तेच काठ, पदरावर तीच कोयरी. ती साडी देताना दुकानदाराने चक्क आईची शपथ घेतली होती, की तुमच्यासाठी म्हणून तोटा सोसून देतो. मी फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला, मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "तुमाले आता कळलं का? आमी तं आंगाचा साबनबी मोबाईलवरूनच मागवतो." दिवसभर माझं कामात लक्ष लागेना. पैशांपेक्षा त्या शपथेचा राग जास्त आला होता.

एक सांगते, म्हणजे मी कंजूष आहे असं कोणाला वाटायचं नाही. वाटलं तरी हरकत नाही म्हणा. माझे मिस्टर गेले तेव्हा पोरगी पाटी घेऊन बालवाडीत जात होती. अनुकंपावर मला पंचायत समितीत त्यांच्याच जागी नोकरी लागली, त्यांच्याच टेबलावर. तेव्हापासून एकेक रुपया मी दोन्ही बाजूंनी पाहूनच खर्च केला आहे. पोरीला शिकवलं, घरावर स्लॅब टाकला, कोणापुढे हात पसरला नाही. अशा बाईला जर कळलं की आजवर आपण सगळीकडे जास्तच मोजत आलो, तर तिचं डोकं फिरणार नाही तर काय होईल?

माझं फिरलं. कुकर मागवला, चादरी मागवल्या, भिंतीवरचं घड्याळ मागवलं. दुकानात जायचं, वस्तू हाताळून बघायची, मॉडेलचा फोटो काढायचा, "घरी विचारून येते" म्हणायचं आणि घरी येऊन मोबाईलवर मागवायची. आमच्या घरात विचारायला होतं कोण? भांड्याच्या दुकानातला माणूस एकदा म्हणाला, "ताई, तुमच्या घरचे लोक कशालेच हो म्हनत नाहीत काय?" मला हसू आलं, पण बाहेर येईपर्यंत मी ते दाबून धरलं. फजितीही झाली. हॉलसाठी म्हणून मागवलेली सतरंजी निघाली जेवायच्या पाटाएवढी. फोटोत तिच्यावर अख्खा सोफा ठेवलेला होता. पोरगी हसून हसून लोळली. मी ती परत पाठवली, पैसेही परत आले, आणि पैसे खरंच परत येतात याचा मला सतरंजीपेक्षा मोठा धक्का बसला. आमच्याकडे विकलेला माल परत घ्यायचा म्हटलं की दुकानदाराचा चेहरा बघवत नाही.

मग पोरीचं जमलं. मुलगा डोणगावचा, मेहकरला कॉलेजात नोकरीला, जाऊन-येऊन करणारा. लग्नानंतर पोरगी डोणगावच्या घरीच राहणार होती. घर बघायला रीतीप्रमाणे पुरुष मंडळी गेली, माझा मोठा भाऊ पुढे होता. तो येऊन म्हणाला, "घर चांगलं हाय. मानसं सरळ हायेत. मोठा पोरगा होता, तो अपघातात गेला दोन-तीन वर्साआधी. त्याची बायको माहेरी हाय म्हनत होते." मला त्या विहीणबाईंचं वाईट वाटलं. तरणा मुलगा जाणं म्हणजे काय, हे दुसऱ्याला कळत नाही. सून माहेरी हे ऐकून मी मान हलवली आणि विषय तिथेच संपला. भावाने विचारलं त्या दिवशी ती माहेरी गेलेली होती, एवढंच ते उत्तर होतं, हे मला पुढे कळलं.

लग्न ठरलं की आमच्याकडे बस्ता असतो. दोन्हीकडची माणसं गाडी करून खामगावला नाहीतर अकोल्याला कापडाच्या मोठ्या दुकानात जातात आणि लग्नाचे सगळे कपडे एका बैठकीत घेतात. नवरा-नवरीचे बौद्ध पद्धतीचे पांढरे कपडे तर असतातच, पण मामा, मावश्या, आत्या, काकू, जावई, एकूणएक माणसाचा मान तिथेच होतो. दुकानदार गादीवर बसवून चहा पाजतो, पोहे खाऊ घालतो, ढिगाने साड्या उलगडतो. कोणाला रंग आवडत नाही, कोणाला पोत आवडत नाही, एखादी आत्या रुसून दाराशी जाऊन उभी राहते. सकाळी गेलेली माणसं दिवे लागल्यावर परततात, आणि वरून परतताना जेवण द्यावं लागतं ते वेगळंच. माझ्या भावाच्या मुलीच्या बस्त्यात फक्त रुसवे काढण्यात इतका पैसा गेला, की तेवढ्यात एक कपाट आलं असतं.

मी ठरवलं, हे काही करायचं नाही. बस्ता मोबाईलवर.

शोधता शोधता मला खजिना सापडला. जोडीचे सेट. बायकोची साडी आणि नवऱ्याचा शर्ट एकाच रंगाचा, एकाच नक्षीचा, एकाच पाकिटात. नुसत्या साडीची जी किंमत दुकानात सांगतात, तिच्यात शर्टासकट सगळं. शिवाय एकाच वेळी जास्त सेट घेतले तर आणखी सूट. फिका जांभळा रंग, बारीक बुट्टी, डोळ्यांना गोड. मांडवात दोन्हीकडची माणसं एका रंगात दिसतील, फोटो कसे येतील, हे डोळ्यांसमोर आणून मी एकटीच खूश झाले. मग दोन्ही घरांचा जो ग्रुप केला होता त्यावर लिहिलं, "बस्त्याची दगदग नको. जोडीचे सेट मोबाईलवर स्वस्त पडतात. तरी दोन्ही बाजूंनी आपापली जोडपी शर्टाच्या साईझसह उद्यापर्यंत कळवावी. मुलांचे ज्याचे त्याने पाहावे." पोरीने वाचलं आणि म्हणाली, "आई, हे लग्नाचं हाय का ऑफिसातलं परिपत्रक?"

माझ्या भावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बस्ता नाही तं लग्नात मजा काय राह्यली?" तो म्हणाला. मी म्हणाले, "तुले मजा नाही, तुले दुकानातले पोहे पाह्यजेत." पण मला खरी धास्ती डोणगावची होती. मुलाकडचे लोक. त्यांना हा अपमान वाटला तर? आणि झालं भलतंच. दुपारीच त्यांचा होकार आला, वर जोडलेले हात. दुसऱ्या दिवशी माणसंही कळवली, सगळी जोडी-जोडीने. एक प्रश्न नाही, एक कुरकुर नाही. मी फोन केला तर विहीणबाई एवढंच म्हणाल्या, "तुमी म्हनता तसं, ताई." एवढी समजूतदार माणसं पोरीच्या नशिबी यावीत याचंच मला नवल वाटत राहिलं. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले.

सगळे सेट माझ्या पत्त्यावर आले. तसं केल्याने सूट जास्त होती. त्यांच्या वाट्याचे कुरिअरने पाठवायचे तर कुरिअरवाला किती मागत होता ते ऐकून मी फोनच ठेवला. एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट. मी दोन पिशव्या भरल्या, रजा टाकली आणि निघाले. खामगावला गाडी बदलली, मेहकरला बदलली, दुपारच्या सुमारास डोणगावला उतरले. मुलाच्या घरी मी पहिल्यांदाच जात होते, तेही न कळवता. कळवलं असतं तर त्यांनी पाहुणचाराचा घाट घातला असता.

दार एका तरुण बाईने उघडलं. साधी साडी, केस घट्ट बांधलेले, हाताला पीठ. मी कोण ते सांगितलं तशी ती क्षणभर दारातच राहिली, मग "जय भीम, या" म्हणून आत घेऊन गेली. पाणी दिलं. विहीणबाई मागच्या अंगणातून पदराला हात पुसत आल्या. बैठकीत भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध, आणि त्यांच्याखाली हार घातलेला एका मुलाचा फोटो. मी त्या फोटोकडे पाहून हात जोडले. विहीणबाईंनी खाली पाहिलं.

मग मी पिशव्या उघडल्या. मला दम कुठे होता. पलंगावर एकेक जोडी मांडत गेले. हे तुमचं आणि त्यांचं, हे काका-काकूंचं, हे मामा-मामींचं, हे तुमच्या मुलीचं आणि जावयांचं. प्रत्येक पाकीट उघडून कापड हातात दिलं, दुकानातली किंमत सांगितली, मोबाईलवरची सांगितली. विहीणबाई "हाव, हाव" करत होत्या. दार उघडणारी बाई चहा घेऊन आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. कापडाकडे बघत होती, पण पुढे येत नव्हती. मला वाटलं, शेजारीण असेल, मदतीला आलेली.

"या ना, हात लावून पाहा," मी म्हणाले. "तुमी ह्यांच्या कोन?"

"मी मोठी सून," ती म्हणाली.

मी आधी तिच्याकडे, मग भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून बोलले, "माहेराहून कधी आल्या?"

"मी इथंच राहातो, मावशी. माहेरी कायले?"

मी पलंगावरच्या पाकिटांकडे पाहिलं. सगळी वाटून झाली होती. दुसरी पिशवी रिकामी होती, तरी मी तिच्यात हात घालून चाचपलं. हे मी का केलं ते मला माहीत होतं, आणि तिलाही कळलं असावं, कारण तिने ते थांबवलं. "नाही मावशी, माही नाही त्यात. जोडीचंच पाह्यजे होतं ना. माही कुठं जोडी हाय?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट बोलले असते, मला ते जमतं. पण तिने ते असं सांगितलं, जसं कोणी आज नळाला पाणी नाही म्हणून सांगतं.

मी विहीणबाईंवर घसरले. राग कोणावर तरी काढायचा होता. "घरात सून हाय आन् तुमी मले सांगतलं नाही? इतले दिवस लपवून ठेवलं काऊन?"

विहीणबाई गरीब स्वभावाच्या, पण या वेळी त्यांनी नजर खाली केली नाही. "लपवलं नाही, ताई. तुमचा मेसेज आला, जोडपी कळवा. मी चार खेपा वाचून घेतला पोराकून. म्हनलं, हे काऊन असं लेहेलं असन? ह्याईले म्हनलं, फोन करून इचारा. तं हे म्हनाले, त्याईले नसन पटत, नवीन नवरीच्या पुढं अशी बाई नको वाटत असन. काहीकाही लोकं मानतात अजून. इचारलं आन् सोयरीकच मोडली तं?" त्या थांबल्या. "बस्त्याले गेलो असतो तं मी हिले संगं आनली असती. दुकानदार समोर बसली बाई पाह्यली का साडी काढते. नवरा हाय का नाही, थो इचारत नाही."

जे मी आयुष्यभर दुसऱ्यांत शोधत आले आणि सापडलं की भांडत आले, ते ही माणसं माझ्या माथी मारत होती, आणि मला नाही म्हणता येत नव्हतं. मिस्टर गेल्यावर एका लग्नात, नात्यातल्याच, हळदीची वाटी माझ्यासमोरून पुढे गेली होती. आमच्यात हे मानायचं नाही असं ठरलेलं, सभेत सगळे टाळ्या वाजवणारे, पण वाटी पुढे गेली. मी तिथल्या तिथे उठून त्या घरच्यांना चार शब्द सुनावले होते आणि पोरीला उचलून घरी आले होते. तो किस्सा मी किती जणांना सांगितला असेल. आणि आता डोणगावातल्या या घरात महिनाभर सगळे समजून बसले होते की नवरीच्या आईला विधवा बाई नको आहे.

"मी लग्नाले येतच नव्हती," मोठी सून म्हणाली. "आत्याबाईले म्हनलं, मी घर सांभाळतो. तुमी जा. तुमच्या पोरीले मी मंग घरी आल्यावर पाहीन."

माझी पोरगी या घरात येणार होती. याच बाईबरोबर एका चुलीवर स्वयंपाक करणार, एका अंगणात धुणं वाळत घालणार. आणि आल्या दिवसापासून ती हिच्या दृष्टीने काय असणार होती? जिच्या आईने मला मांडवात येऊ दिलं नाही, ती. हिने तोंडाने कधी म्हटलं नसतं, ती तशी बाई नव्हती. पण ते दोघींच्या मधे राहिलं असतं, रोज, आणि माझ्या पोरीला कधी कळलंही नसतं की काय खुपतं आहे. मला तिथे बसवेना. पोरीचं आयुष्य मी थोड्या सवलतीपायी असं नासवत होते.

"बाई," मी तिला म्हणाले, "मी बी तुयासारखीच हाय. मले कोनी सांगतलं नाही तू घरी हायेस म्हनून. मी स्वस्त पडते म्हनून जोडीचं पाह्यलं. दुसरं काही मनात नव्हतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला खरं वाटतंय की नाही ते कळेना. मग ती पलंगापाशी आली, जांभळ्या साडीच्या काठावरून बोट फिरवलं, आणि विचारलं, "मावशी, मंग तुमची कोनती?"

आईशपथ सांगते, त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात हा प्रश्नच आला नव्हता. माझ्या बाजूची जोडपी मीच कळवली होती, भाऊ-वहिनी, बहीण-मेहुणे, चुलते-चुलत्या. बस्ता असला की नवरीच्या आईची साडी मुलाकडचे घेतात, तो विहिणीचा मान असतो. त्यांनी जोडपी पाठवली, मी जोडपी पाठवली, आणि मी दोन्हीकडे नव्हते. माझ्या स्वतःच्या पोरीच्या लग्नात, माझ्याच हाताने केलेल्या खरेदीत, मला कापड नव्हतं.

विहीणबाईंनी तोंडावर पदर धरला. त्यांनाही ते तेव्हाच कळलं होतं.

मी मोबाईल काढला. म्हणाले, दोन साड्या आणखी मागवायच्या, आत्ताच्या आत्ता, ह्याच रंगाच्या. मोठी सून "राहू द्या, मावशी" म्हणत होती, मी ऐकलं नाही. तिला माझ्या शेजारी पलंगावर बसवलं. तो जांभळा सेट सापडला, पण नुसती साडी कुठे दिसेना. वर गेले, खाली गेले, सगळं चाळलं. सुटी साडी ते विकतच नव्हते, घ्यायचं तर शर्टासकट. असू दे म्हटलं. दोन सेट घेऊ, शर्ट कोणालाही देऊ. पुढे जायचं बटण दाबलं तर ते दबेना. आधी शर्टाची साईझ निवडा, असं लाल अक्षरांत आलं. साईझ न सांगता तो मोबाईल पुढे सरकायलाच तयार नव्हता.

पहिला सेट माझा होता. बोट स्क्रीनवर नेलं आणि तसंच राहिलं. अडतीस, चाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस. मिस्टरांचा शर्ट मी कधी आकड्याने घेतलाच नव्हता. कापड घ्यायचं आणि टेलरकडे द्यायचं, माप त्याच्याकडे असायचं. मी डोळे मिटून त्यांना दारातून आत येताना आठवायचा प्रयत्न केला. चेहरा आला, चालणं आलं, खांदे काही नीट येईनात. बाजारातल्या प्रत्येक वस्तूची किंमत मला तोंडपाठ, आणि हे आठवत नाही म्हटल्यावर मला माझीच भीती वाटली. शेवटी चाळीस दाबलं, अंदाजाने.

मग दुसरा सेट. आता हिला काय विचारायचं, असं झालं. काहीही एक टाकून द्यावं असं मनात आलं, पण ती मोबाईलमध्येच बघत होती, तिला ते लाल अक्षर दिसत होतं. मी हळूच म्हणाले, "यात साईझ टाकाच लागते, बाई. कोनती बी टाकू का?"

"बेचाळीस टाका," ती लगेच म्हणाली. "चाळीस बसते तसा, पन खांद्यात ढिलं लागते त्याईले."

विहीणबाई पलंगावरच्या साड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांचे हात थांबले. मी बेचाळीस दाबलं आणि पैसे भरले.